नंदिनीच्या गुंडाळलेल्या खिडक्या

वडसा स्टेशनातून बाहेर पडून बाजाराकडं वळलं की नाटक कंपन्यांची गल्ली लागते. एरवी ही गल्ली धानाच्या पोत्यांची आणि सायकल दुरुस्तीची. पण दसरा आटोपला की तिचा नूरच पालटतो. भिंतीभिंतीवर पोस्टरं, त्यांवर पदर डोळ्याला लावलेली आई, कुऱ्हाड उगारलेला जमीनदार आणि दोघांच्या मधोमध दात विचकणारा विनोदी नट. दिवाळीनंतर आमच्या झाडीपट्टीत गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते, आणि मंडईला नाटक नसेल तर लेकीजावई सुद्धा मुक्कामाला थांबत नाहीत. म्हणून गावांची मंडळं जीपगाड्या करून वडशाला येतात, या ऑफिसातून त्या ऑफिसात फिरतात, नट-नट्या पाहतात आणि आपल्या मंडईची तारीख पक्की करून जातात.

या गल्लीतल्या 'पळसफूल नाट्य मंडळा'च्या टेबलावर एक जुना कॉम्प्युटर आहे. त्यातला तारखांचा प्रोग्राम नंदिनी खोब्रागडेनं लिहिला.

नंदिनी चामोर्शीची. घरी धानाची शेती. कॉम्प्युटरचं शिक्षण चंद्रपूरला झालं. तिच्यासोबतची पोरं पुण्याला आणि हैदराबादला गेली, तिचा सख्खा भाऊ अश्विनही पुण्याला गेला. ही मात्र वडशाला आली आणि पिठाच्या गिरणीवरची एक खोली घेऊन राहिली. खाली गिरणी सुरू झाली की वर तिचा की-बोर्ड थरथरतो. बोलायला फटकळ. विचारात पडली की ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत बसते. वडशालाच का, असं कुणी विचारलं तर म्हणायची, "पुण्यात बसून मी कोनासाठी प्रोग्राम लिहितो ते मलेच मालूम नाई राहत. इथी मी लिहीन आन समोर बसून पाहीन, मानूस कुठी अडकते ते."

आणि माणूस अडकलाच, तो तिच्याच प्रोग्रामवर. तीच ही गोष्ट.

प्रोग्राम येण्याआधी पळसफूलच्या तारखा एका मोठ्या काळ्या फळ्यावर असत. फळ्याचे धनी म्हणजे लच्छूभाऊ. कंपनीचं सगळं बुकिंग तेच पाहतात. मिशीला कलप, कानावर खडू, आणि आवाज असा की माइकशिवाय शेवटच्या रांगेला ऐकू जावा. मालक हेमराजभाऊ गहाणे नाटकं बसवण्यात गुंतलेले. तारखांच्या बाबतीत त्यांनाही लच्छूभाऊंना विचारूनच पाणी प्यावं लागे. पण गल्लीतल्या कंपन्यांची खरी अडचण एका फळ्यात मावणारी नव्हती. नामवंत नट्या दोनतीन कंपन्यांत कामं करतात. एका ऑफिसानं दिलेली तारीख दुसऱ्या ऑफिसाला कळली नाही की एकच नटी एकाच रात्री दोन गावांना कबूल होऊन बसते. नंदिनीनं हेच हेरलं. सगळ्या ऑफिसांत एकच प्रोग्राम, एकमेकांना तारखा कळवणारा. हेमराजभाऊ म्हणाले, "लाव माह्या ऑफिसात. चालला तं गल्लीले मी सांगतो."

पहिला प्रोग्राम तिनं सोप्या पद्धतीनं लिहिला. आजकाल बहुतेक जण तसाच लिहितात. इंटरनेटची पानं ज्या भाषांत बनतात त्याच भाषांत पडद्यावरचं सगळं रंगवायचं, आणि प्रोग्रामच्या पोटात एक अख्खा ब्राउझर बसवून टाकायचा. काम झपाट्यानं होतं. बटण लाल पाहिजे, लाल. तारीख मोठी पाहिजे, मोठी. हेमराजभाऊंनी सकाळी सुचवावं आणि चहा येईस्तोवर नंदिनीनं करून दाखवावं. तोट्याची बाजू एकच. असा प्रोग्राम मेमरी फार खातो. मेमरी म्हणजे कॉम्प्युटरची काम करायची मोकळी जागा, धान मळायच्या खळ्यासारखी. खळं लहान आणि धान घेऊन येणाऱ्या बैलबंड्या जास्त झाल्या की मळणी थांबते.

पळसफूलचं खळं लहानच होतं. तरी महिनाभर सगळं छान चाललं. मग दिवाळीच्या तोंडावर, ऑफिसात पाच-सहा मंडळं बसलेली असताना, लच्छूभाऊंनी रंजीताची तारीख एका गावाला पक्की केली आणि पडदा जागीच गोठला. बाण हलेना, बटण दबेना. लच्छूभाऊंनी स्विच बंद करून पुन्हा सुरू केला. मघाची तारीख आत गेलीच नव्हती. ती मोकळी दिसली, आणि गर्दीत दुसऱ्या गावाला देऊन झाली.

रंजीता म्हणजे त्या साली झाडीतली सगळ्यात गाजलेली नटी. हेमराजभाऊंनी डोकं लढवलं. एका गावातल्या खेळात नायिकेला पहिल्याच अंकात मारून टाकलं, आणि पडदा पडताच तिला मोटारसायकलवर बसवून दुसऱ्या गावाला धाडलं. पुढचे सगळे अंक नायिकेचा फोटो हार घालून स्टेजवर ठेवला होता आणि नायक त्याच्याशी बोलत होता. ही हकिगत रंजीता अजूनही रंगवून सांगते. "पयल्या अंकात मेली म्हून बरं झालं वं बाई! जित्ती राह्यली असती तं दुसऱ्या गावाले पोचली कशी असती?"

गाव मात्र हसलं नाही. मंडळानं ऑफिसात येऊन हेमराजभाऊंना चारचौघांत सुनावलं, "आमी लगनाले बोलावलं आन तुमी फोटो धाडला."

हेमराजभाऊंनी नंदिनीला बोलावलं. ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं, असं ती म्हणते. "नंदिनी, तुह्या मेहनतीले नाव नाई ठेवत मी. पर गावासमोर माही मान गेली. औंदाचा सीझन फळ्यावरच काढतो. पुढच्या दसऱ्याले आन तुहा प्रोग्राम. पुन्हा अटकला, तं मंग मले नोको सांगू."

याचा अर्थ ती समजली. पळसफूलनं टाकलेला प्रोग्राम गल्लीतली दुसरी कंपनी हातात धरणार नाही. म्हणजे वडसा संपलं. अश्विननं पुण्यात तिच्यासाठी नोकरी पाहूनच ठेवली होती.

"ताई, रॅम वाढव ना त्याची," अश्विन फोनवर म्हणाला. "जग असंच चालू हाये. प्रोग्राम लवकर लिहाचा आन मशीन मोठी घ्याची."

"एका ऑफिसाची वाढवली. बाकीच्यायचं काय? गल्लीतल्या साऱ्या मशिनी अशाच हायेत. सारे सोबत चालले तरच दोन गावाले एक नटी जानार नाई."

"मंग लोकायले शिकव, कसं वापराचं ते."

त्याचं अगदीच चूक नव्हतं. म्हणून नंदिनी आधी लच्छूभाऊंकडंच गेली, आणि पहिल्यांदा दिवसभर त्यांच्या शेजारी नुसती बसून राहिली. त्यांनी जुना प्रोग्राम तिला चालवून दाखवला. एक गाव, एक खिडकी. दुसरं गाव, दुसरी खिडकी. तिसरं, चौथं. एकही बंद करेनात. आणि प्रत्येक खिडकीच्या पोटात एकेक अख्खा ब्राउझर!

"लच्छूभाऊ, काम झालं की बंद काऊन नाई करत?"

"काम कुठी झालं? मंडळ म्हणलं, चहा पिऊन येतो. समोरच्या कंपनीत हिरोईन पाहून येतो. त्याची बोलनी चालू हाये. मी खिडकी बंद करू आन तो आल्यावर त्याले विचारू, कोन गाव तुमचं? बसन का तो?"

"पर भाऊ…"

"पर नाई न बिर नाई. फळ्यावर बी असंच होतं. गावाचं नाव कोपऱ्यात फिक्कं लिहाचं. गाव सोताच नाई म्हणत नाई, तवर आपन पुसाचं नाई. माह्या हयातीत मी एका गावाचं नाव आपून पुसलं नाई."

नंदिनीनं ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं. तिच्या प्रोग्रामात तारीख एक तर पक्की होती, नाही तर मोकळी. मधलं काही नव्हतंच. अर्धी झालेली बोलणी ठेवायला तिनं लच्छूभाऊंना जागाच दिली नव्हती, म्हणून ते बिचारे ती उघड्या खिडकीत धरून ठेवत होते. दुसरा कुणी असता तर वापरणाऱ्याला वापरता येत नाही म्हणून मोकळा झाला असता. ही खोलीवर आली आणि जुन्या प्रोग्रामकडं तिनं पाठ फिरवली.

आता तिनं दुसरं टोक धरलं. सी प्लस प्लस या भाषेत, जुन्या कष्टाच्या पद्धतीनं, सगळं नव्यानं लिहायला घेतलं. ब्राउझर नाही, उसनं काही नाही. प्रत्येक चौकट आपल्या हातानं आखायची, वापरलेली जागा आपण मोजायची आणि काम झालं की आपणच परत करायची. एखाद्या ठिकाणी परत करायची राहिली की थेंब थेंब गळती सुरू, आणि ती शोधता शोधता दिवस जातो. उन्हाळा गेला. पावसाळा लागला. चिखलणी झाली, रोवणी झाली. आई अंजनाबाई चामोर्शीहून तांदूळ आणि सुकवलेला बोंबील घेऊन आली, लेकीकडं पाहून म्हणाली, "तुह्यापक्षा रोवन्याच्या बाया बऱ्या, सांजच्याला घरी तरी येते." आणि दोन दिवस तिच्या केसांना तेल लावून गेली.

पोळ्याच्या सुमाराला नंदिनीनं नवा प्रोग्राम पळसफूलच्या त्याच जुन्या मशीनवर चढवला. लच्छूभाऊंना म्हणाली, "उघडा, किती गावं उघडता ते." लच्छूभाऊंनी आपल्याला येतील तेवढी गावं उघडली, मग बायकोचं माहेर उघडलं, मग व्याह्यांचं गाव. कॉम्प्युटर हूं की चूं करेना. खळ्याचा कोपराही भरला नव्हता.

"बाप्पा बाप्पा," लच्छूभाऊ म्हणाले, "हा तं जेवतच नाई वाटते काई!"

तिथं ही गोष्ट संपायला हरकत नव्हती. पण हेमराजभाऊ आत आले आणि खुर्चीवर बसायच्या आधीच म्हणाले, "झकास! आता असं कर, नटीच्या नावापाशी तिचा फोटो येऊ दे. गाव फोटो पाहते ना. आन नाटकाचं नाव जरासं वाकडं, पोस्टरवर असते तसं. आन नाचनारीची तारीख येगळ्या रंगात."

पहिल्या प्रोग्रामात हे चहा येईस्तोवर झालं असतं. आता फोटोलाच आठवडा गेला. वाकडं अक्षर लिहायला गेली तर तारखांच्या चौकटी सरकल्या. चौकटी बसवल्या तर रंग बिघडला. तेवढ्यात हेमराजभाऊंच्या मनात आणखी तीन गोष्टी आल्या. पुढं प्रोग्राम घेतलाच तर समोरच्या कंपनीच्या मालकालाही आपला रंग हिरवाच पाहिजे होता. दसरा जवळ येत चालला. हेमराजभाऊ मनमोकळे गृहस्थ, पण तेही एकदा बोलून गेले, "नंदिनी, पयले तुहा प्रोग्राम दम टाके, आता तूच टाकून राह्यली."

ती उठली. ऑफिसाच्या मागं कंपनीचं गोडाऊन आहे, तिथं जाऊन बसली.

गोडाऊनात झिंगू पेंटर नाटकाचे पडदे रंगवत होता. दरवर्षी भादव्यात हेच काम. राजवाड्याचा पडदा, जंगलाचा, गावच्या रस्त्याचा, झोपडीचा. रंगवून वाळला की बांबूवर गुंडाळून भिंतीला लावून ठेवायचा. एवढा मोठा राजवाडा, पण गुंडाळला की हातभर जाडीचं भेंडोळं.

"झिंगूभाऊ, इतके सारे सीन एका ट्रकात मावते?"

"मावते म्हंजे? सारी बारात त्याच ट्रकात राह्यते. सीन गुंडाळून ठेवला तं जागा किती खाते? स्टेजवर एका टायमाले एकच सोडाचा. जंगल सोडाचं, राजवाडा वर वढाचा." झिंगूनं ब्रश रंगात बुडवला. "साऱ्याच पडद्यायले एकदम टांगून ठेवलं, तं नट कुठी उभा राहीन बाई?"

तो आपल्या कामाचं सांगत होता, त्याला बाकी काही ठाऊक नव्हतं. नंदिनी मात्र त्या बांबूंकडं कितीतरी वेळ पाहत राहिली.

आपण दोन्ही वेळा चुकलो, हे तिच्या ध्यानात आलं. पहिल्यांदा प्रत्येक गावाला एकेक अख्खा राजवाडा टांगून दिला. दुसऱ्यांदा राजवाडे कागदासारखे पातळ करण्यात वर्ष घालवलं. पण टांगायचे होते कशाला? स्टेज एकच ठेवावं. ज्या गावाशी बोलणी चालू आहे त्याचाच पडदा सोडावा. बाकीची गावं गुंडाळून कडेला, नावाच्या पट्टीसह. गुंडाळलेल्या गावाला जागा लागते ती किती? गावाचं नाव, तारीख, नटीचं नाव आणि बोलणी कुठवर आली ते. चार ओळी, त्याही लिहिताक्षणी डिस्कवर उतरवून ठेवायच्या, म्हणजे मशीन बंद पडली तरी जात नाहीत. आणि एवढंच असेल तर एका स्टेजापुरता ब्राउझर त्या जुन्या खळ्यातही आरामात बसतो. म्हणजे सोपी पद्धत परत आणता येते. फोटो, रंग, वाकडी अक्षरं, चहा येईस्तोवर.

याची दुसरी बाजूही तिला दिसत होती. वर्षभर घाम गाळून आखलेल्या सगळ्या चौकटी फेकून द्यायच्या. आपण लिहिलेलं नेटकं, हलकं, कुठंही न गळणारं काम पुसून टाकणं कोणत्याही प्रोग्रामरच्या जिवावर येतं. लोक अशा कामाला कवटाळून बसतात आणि जगाला दोष देतात. नंदिनीनं त्याच संध्याकाळी ते बाजूला केलं. एकच भाग राखला. एका नटीला एका तारखेला दोन गावं मिळू न देणारा भाग, जो तिनं खपून आणि पुन्हा पुन्हा तपासून लिहिला होता. अश्विननं विचारलं तेव्हा तिनं सांगितलं, "दोन गावाले एक नटी नाई, हा नियम काई बदलत नाई. तो पक्का लिहिला तसाच राहू देतो. रंगरूप रोज बदलते, त्याले काऊन पक्कं लिहू? हेमराजभाऊचं मन का सी प्लस प्लसमंदी हाये?"

मी या बाईची थोरवी मानतो ती इथं. हलकं लिहिणारे पुष्कळ, झटपट लिहिणारे त्याहून पुष्कळ. कोणता भाग हलका पाहिजे आणि कोणता झटपट, हे ठरवायला दोन्ही हातांनी करून पाहावं लागतं, आणि मग त्यातला एक हात सोडावा लागतो.

दसऱ्यानंतरचा पहिला बाजाराचा दिवस. पळसफूलच्या ऑफिसात माणसावर माणूस. नंदिनी कोपऱ्यातल्या स्टुलावर. हेमराजभाऊ दारात, हसून सगळ्यांना रामराम करत होते, पण डोळा टेबलाकडं. भिंतीवर तो काळा फळा तसाच टांगलेला. तो काढायचा विषय निघाला की लच्छूभाऊ म्हणायचे, "राहू द्या. भिंतीले जड होते का?" खडू अजून त्यांच्या कानावर होता.

गावं येऊ लागली. डाव्या कडेला एकाखाली एक पट्ट्या चढत गेल्या. एका गावाच्या मंडळाचे अध्यक्ष सुकलूभाऊ रंजीताला मागत होते, मंडईची तारीख सांगत होते. बोलणी अर्ध्यावर आली आणि नाचगाण्यावरून बिनसलं. "तुमच्याकडं नाच कमी हाये गा. समोर पाहून येतो," म्हणून मंडळ तडक उठून गेलं. लच्छूभाऊंनी त्यांच्या पट्टीला हात लावला नाही. दुसऱ्या गावानं तीच तारीख, तीच रंजीता मागितली. पडद्यावर तारखेभोवती पिवळी चौकट आली.

"थांबा जरासे," लच्छूभाऊ त्यांना म्हणाले. "एक गाव बोलनीत हाये."

"ते तं रागावून गेलं ना!"

"रागावून गेलं. नाई म्हणून गेलं का?"

आणि लाइट गेली.

पंखा थांबला, पडदा काळा झाला. ऑफिसात एकच गलका उठला. हेमराजभाऊंचं हसू गालावरच राहिलं. लच्छूभाऊंचा हात आपसूक कानावरच्या खडूकडं गेला, आणि त्यांनी नंदिनीकडं पाहिलं. तिनं ओढणी बोटाला इतकी घट्ट गुंडाळली होती की बोट पांढरं पडलं होतं. "थांबा भाऊ," एवढंच ती म्हणाली.

लाइट आली. जुना कॉम्प्युटर कण्हत कुंथत उठला. प्रोग्राम उघडला. रिकामी कड दिसली, आणि मग एकाखाली एक पट्ट्या, सगळ्या, होत्या त्या क्रमानं. पिवळी चौकटही जागेवर.

त्याच वेळी सुकलूभाऊ दारातून डोकावले. समोरच्या कंपनीत रंजीता नव्हती. चेहरा असा, जणू ते नुसते वाटेनं चालले होते.

"या ना सुकलूभाऊ!" लच्छूभाऊ शेवटच्या रांगेला ऐकू जाईल असं ओरडले. पट्टीवर बोट टेकवलं. पडदा सुटला. वर रंजीताचा फोटो, बाजूला वाकड्या अक्षरांत नाटकाचं नाव. "बसा. तुमचं नाचावर अटकलं होतं. दोन नाच जादा देतो म्हणलं होतं मी, तुमी तीन म्हणून राह्यले होते. इथूनच पुढं बोला."

सुकलूभाऊ पडद्याकडं पाहतच राहिले. "माह्यं गाव अजून हायेच का इथी?"

"तुमी नाई म्हणलं नाई, तं जाईन कुठी?"

सुकलूभाऊ बसले. अडीच नाचांवर, म्हणजे दोन नाच आणि एक अर्धं गाणं यावर, तारीख पक्की झाली. पिवळी चौकट लाल झाली. थांबून राहिलेल्या दुसऱ्या गावाला पुढची तारीख मिळाली, आणि हेमराजभाऊंनी त्यांना सांगितलं की नायिका शेवटच्या अंकापर्यंत जिवंत राहील, याची जबाबदारी माझी.

दुपारी झिंगू पेंटर आला. औंदाच्या नाटकात शाळेचा एक प्रवेश आहे, त्याला फळा पाहिजे होता. प्लायवूडचा करू की कापडाचा, हे विचारायला. हेमराजभाऊ काही बोलणार तोच लच्छूभाऊ खुर्चीवर चढले, भिंतीवरचा फळा स्वतः उतरवला, बाहीनं पुसला आणि झिंगूच्या हातात दिला.

"खरा फळा घेऊन जा," म्हणाले. मग कानावरचा खडूही काढून दिला. "आन हा बी ठेव. मास्तरच्या हाती लागन."

नंदिनी स्टुलावरून उठली होती. समोरच्या कंपनीचा मालक दारात उभा राहून तिलाच विचारत होता, त्याच्या ऑफिसात हा प्रोग्राम कधी लावणार, आणि त्याचा रंग हिरवा होईल का.

"होईन ना," नंदिनी म्हणाली. "चहा सांगा तुमी."